द्रववायू आणि श्रमिकांचे प्राण

नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे द्रवरूप होतो व सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो. विज्ञानाचे हे यश निर्विवाद होय. परंतु २० ऑक्टोबर १९४४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे अशी टाकी फुटली, वायू गटारांत शिरून पेटला व १३० बळी गेले. टाकीच्या पोलादात निकेल कमी होते. अतिथंडीत ते ठिसूळ झाले. आणि वस्ती तर लगतच होती. १९ जानेवारी २००४ रोजी अल्जीरियातील स्किकदा येथील स्फोटात २७ जण मेले.

सांडलेल्या द्रववायूवर पाणी ओतल्यास त्याची वाफ अधिकच वेगाने होते. त्याच्या आगीस फेस व कोरडी भुकटी लागते. हे ज्ञान व्यवस्थापनाच्या कपाटात राहून काय उपयोग? १९८४ च्या भोपाळ हत्याकांडानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन सुरक्षिततेविषयी माहिती मिळविण्याचा हक्क कामगारांस मिळाला. तो हक्क कागदावर राहता कामा नये. दहेज, हाजिरा, दाभोळ, कोची येथे कंत्राटी कामगारांसह सर्वांना प्रशिक्षण व शेजारच्या गावांसह नियमित सराव, ही मागणी कामगार संघटनांनी हाती घेतली पाहिजे. सुरक्षितता ही मालकांची मेहेरबानी नव्हे. तो श्रमिकांचा हक्क आहे!