कपाटाला विमा, हमालाला काय?

मुंबई-पुण्यात 'सेल्फ स्टोरेज'चा धंदा फोफावतोय. घरात न मावणारा सोफा, कपाट महिन्याच्या भाड्याने ठेवायचं. जाहिरातीत सीसीटीव्ही आहे, विमा आहे, वाळवीचा बंदोबस्तही आहे. कपाट पाठीवर घेऊन जिना चढणारा माणूस तेवढा नाही. तो कुठल्या वस्तीतून येतो, हे आम्ही सांगायला नको.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच पुरुषाने उचलायच्या वजनाला ५५ किलोची मर्यादा सुचवली. इथे काटा लागतो तो मालाला.

'आमचा काही कारखाना नाही, नुसतं सामान पडून असतं,' असं मालक म्हणतात. ते सामान आपोआप चढतं का? चढवणं, उतरवणं, रचणं या कामांसाठीच महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. मंडळात नोंदणी झाली की मालकाला मजुरीवर लेव्ही भरावी लागते. ती टाळायलाच मध्ये ठेकेदार उभा केला जातो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या जयंतीची वर्गणी आपण घरोघर फिरून गोळा करतो. त्याच फेरीत हमालांना विचारा: माथाडी मंडळात नाव आहे का? नसेल तर अर्ज आपणच भरून देऊ.