शाळेच्या यादीत नसलेली माणसे

अ‍ॅडलेडमधल्या मराठी घरांत मुलगा दहा-अकरा वर्षांचा झाला की एक प्रश्न हमखास निघतो: सेंट पीटर्सला घालायचे का? गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता निघतो, कुणाच्या डोहाळजेवणात निघतो. मी इथे फार्मासिस्ट आहे आणि शहरात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून नव्याने आलेली मंडळी मला विचारतात, "ताई, तुमचे काय मत?" फी पगारदार घराला न पेलणारी, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. तरीही पुढचे वाक्य ठरलेले असते, "पण त्या शाळेने तीन नोबेलवाले दिलेत!"

ते खरे आहे. सेंट पीटर्स ही १८४७ मध्ये सुरू झालेली फक्त मुलग्यांची अँग्लिकन खासगी शाळा. लॉरेन्स ब्रॅग, हॉवर्ड फ्लोरी आणि रॉबिन वॉरन हे तिघे तिथे शिकले. ब्रॅगना १९१५ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. फ्लोरींना १९४५ मध्ये आणि वॉरनना २००५ मध्ये वैद्यकशास्त्राचे. जगात फार थोड्या शाळांना असे सांगता येईल. त्या अभिमानाला मी नावे ठेवणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की आपण ही यादी अर्धीच वाचतो. या तिघांपैकी प्रत्येकाचे काम ज्यांच्यामुळे तडीस गेले, त्यांत त्या फाटकातून कधीच आत न आलेली माणसे आहेत. तीही वाचली, तर मुलाला कोणत्या शाळेत घालायचे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो.

फ्लोरींपासून सुरू करते, कारण त्यांचे ऋण माझ्या घरावर आहे. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये फर्मेंटेशन विभागात होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये उभी राहिलेली ही सरकारी कंपनी. भारताचे पेनिसिलिन तिथे तयार होऊ लागले. आम्ही कंपनीच्या कॉलनीत वाढलो. बाबा रात्रपाळीहून आले की त्यांच्या कपड्यांना आंबलेला वास असायचा आणि आई तो कधी वाईट म्हणायची नाही. त्या बुरशीतून औषध निघते आणि त्या औषधाने बाळंतिणी वाचतात, हे तिला माहीत होते. तिच्या आईच्या पिढीत बाळंतरोगाने गेलेल्या बायका घरोघरी होत्या.

हॉवर्ड फ्लोरी १८९८ मध्ये अ‍ॅडलेडमध्ये जन्मले. वडील इंग्लंडहून आलेले, बुटांच्या धंद्यात वर चढलेले. शाळेत आणि पुढेही मुलगा शिष्यवृत्त्या मिळवत गेला. मेडिकल झाले, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड झाले आणि १९३५ मध्ये ते तिथेच पॅथॉलॉजीचे प्राध्यापक झाले. फ्लेमिंगनी १९२८ मध्ये पाहिलेली बुरशी दहा वर्षे तशीच पडून होती. फ्लोरींच्या प्रयोगशाळेने तिचे औषध केले. २५ मे १९४० रोजी आठ उंदरांना जंतूंची मारक मात्रा टोचली गेली. चौघांना पेनिसिलिन दिले, ते जगले. ज्यांना दिले नाही ते चारही मेले.

हे कुणी केले? बर्लिनहून नाझींपासून निसटून आलेल्या अर्न्स्ट चेन या ज्यू रसायनशास्त्रज्ञाने औषधाचे रसायन उलगडले. नोबेलमध्ये फ्लोरी आणि फ्लेमिंग यांच्याबरोबर तेही होते. नॉर्मन हीटलींनी युद्धाच्या टंचाईत रुग्णालयातल्या बेडपॅनमध्ये बुरशी वाढवली आणि मग तशाच घडणीची चिनी मातीची भांडी बनवून घेतली. ती भांडी रोज भरण्या-उपसण्यासाठी तरुण मुलींची एक तुकडी कामाला लावली होती. १९४१ मध्ये ज्या पहिल्या रुग्णावर औषध चालवले, तो पोलीस शिपाई सुधारू लागला होता. साठा संपला तेव्हा त्याच्या लघवीतून पेनिसिलिन पुन्हा काढून त्याला दिले. तरी ते पुरले नाही आणि तो गेला. त्यानंतर फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत गेले आणि तिथल्या कारखान्यांना मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायला त्यांनी राजी केले. पेनिसिलिनवर ऑक्सफर्डच्या या गटाने पेटंट घेतले नाही. पुढे कधीतरी ते पिंपरीला पोहोचले आणि मावळ-मुळशीतून सायकलवर कामाला येणाऱ्या माणसांनी ते बनवले. फ्लोरींची थोरवी मला यात दिसते: त्यांना माणसे जमवता आली आणि प्रत्येकाच्या हातातले कसब ओळखता आले.

ब्रॅग यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. वडील विल्यम ब्रॅग अ‍ॅडलेड विद्यापीठात प्राध्यापक. आईचे वडील चार्ल्स टॉड, ज्यांच्या देखरेखीखाली १८७२ मध्ये अ‍ॅडलेडपासून डार्विनपर्यंत तारेची लाईन पुरी झाली. लॉरेन्स लहानपणी तीनचाकी सायकलवरून पडला आणि त्याचे कोपर मोडले. क्ष-किरणांचा शोध नुकताच लागला होता. वडिलांनी घरच्या मुलाच्या हाताचा क्ष-किरण फोटो काढला. समुद्रकाठी शंख-शिंपले गोळा करता करता या मुलाला माकूळची एक नवी जात सापडली आणि तिला त्याचे नाव मिळाले. चौदाव्या वर्षी तो विद्यापीठात गेला. पंचविसाव्या वर्षी त्याला वडिलांबरोबर नोबेल मिळाले. विज्ञानाचे नोबेल मिळालेला इतका तरुण माणूस अजून दुसरा झालेला नाही. अशा घरात वाढलेल्या मुलाचे किती श्रेय शाळेचे आणि किती जेवणाच्या टेबलावरच्या गप्पांचे, हे कुणी वेगळे काढून दाखवू शकणार नाही.

स्फटिकातून क्ष-किरण कसे वळतात याचा ब्रॅग यांचा नियम १९१२ चा. त्या पद्धतीने १९४५ मध्ये पेनिसिलिनच्या रेणूची रचना उलगडली गेली. एकाच शाळेतल्या दोन मुलांची कामे एका रेणूत भेटली. पण ती भेट घडवून आणली डोरोथी हॉजकिन या बाईंनी. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावच्या शाळेत त्यांना मुलग्यांबरोबर रसायनशास्त्र शिकायची खास परवानगी घ्यावी लागली होती. १९६४ मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले. फक्त मुलग्यांच्या शाळेचा पाढा आपण मुलींच्या देखत वाचतो, तेव्हा हॉजकिनबाईंचे नाव त्यात घातलेच पाहिजे असे मला वाटते.

तिसरे वॉरन. अल्सर म्हणजे काळजी, जागरण आणि तिखट खाणे, ही समजूत आपल्याकडेही होती आणि डॉक्टरांकडेही होती. पोटातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही, असे पुस्तके सांगत. पर्थच्या रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट असलेल्या वॉरनना १९७९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या तुकड्यावर वाकडे जंतू दिसले. सहकाऱ्यांनी मनावर घेतले नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हा शिकाऊ डॉक्टर त्यांच्याकडे आला. त्याने रुग्ण गोळा केले, जंतू वाढवला आणि १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. नोबेल दोघांना मिळाले. वॉरन २०२४ मध्ये गेले. आज त्या जंतूवर दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी एक गोळी, असा कोर्स मी काउंटरवरून देते. त्यातले अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातले. "सगळ्या गोळ्या संपवा, बरे वाटले म्हणून मध्ये सोडू नका," असे बजावताना मला फ्लोरी, वॉरन, मार्शल आणि बाबा असे सगळे एका ओळीत दिसतात.

सेंट पीटर्सच्या यादीतले ज्याला मी सर्वांत मोठे मानते, ते नाव मात्र आपले लोक क्वचित घेतात. डॉन डन्स्टन. फिजीत जन्मलेला, शिष्यवृत्तीवर या शाळेत आलेला हा मुलगा मजूर पक्षात गेला आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचा मुख्यमंत्री झाला. १९०१ च्या कायद्यानंतर आपल्यासारख्यांना ऑस्ट्रेलियाचे दार बंद होते. गोऱ्यांपुरता देश राखण्याचे ते धोरण मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यातून १९६५ मध्ये काढून टाकायला लावणाऱ्यांत डन्स्टन पुढे होते. वंशभेदाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा त्यांच्या राज्याने १९६६ मध्ये केला, तेव्हा ते अ‍ॅटर्नी जनरल होते. आपण इथे घर घेतो, रांगेत समान हक्काने उभे राहतो, ते अशा माणसांच्या भांडणांमुळे.

आणि त्यांनी राज्यपाल म्हणून कुणाची नावे पुढे केली ते बघा. १९७१ मध्ये मार्क ऑलिफंट. हे अ‍ॅडलेडचेच भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या बर्मिंगहॅमच्या विभागात रडारला बळ देणारी मॅग्नेट्रॉन नळी तयार झाली. त्यांचे शिक्षण सरकारी शाळांत, अनली हाय आणि अ‍ॅडलेड हाय इथे झाले होते. १९७६ मध्ये डग्लस निकल्स. हे आदिवासी समाजातले, मिशनच्या वस्तीवर जेमतेम शिकलेले, फुटबॉल खेळाडू आणि धर्मोपदेशक. ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही राज्याचे ते पहिले आदिवासी राज्यपाल. उच्चभ्रूंच्या शाळेतून निघालेल्या मुलाने स्वतःच्या वर्गाबाहेर पाहिले आणि राज्यातले सर्वांत मानाचे आसन तिकडे दिले. मोठ्या शाळेने असे मूल घडवले, तर तिला माझा नमस्कार आहे.

म्हणून आता थेट सांगते. ऑस्ट्रेलियात खासगी शाळांनाही सरकारी पैसा मिळतो. १९६४ मध्ये शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांसाठी केंद्राचे अनुदान सुरू झाले आणि ते वाढत गेले. आज देशातली एक तृतीयांशाहून अधिक मुले बिगरसरकारी शाळांत आहेत. २०११ मध्ये डेव्हिड गोन्स्की समितीने गरजेनुसार पैसा द्या, असे सांगितले. गोन्स्की स्वतः सिडनी ग्रामर या तशाच खासगी शाळेचे विद्यार्थी. आपण कर भरतो, तेव्हा या शाळांना प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे. नोबेल किती, हे त्यांनी माहितीपत्रकात जरूर छापावे. त्याच पानावर हेही छापावे की या वर्षी पूर्ण शिष्यवृत्तीवर किती मुले घेतली आणि त्यांतली आदिवासी किती, निर्वासित किती.

आपल्या मंडळींनाही एक सांगणे आहे. घरापाशी बरी सरकारी शाळा असताना केवळ नावासाठी कर्ज काढू नका. आई दोन पाळ्या करते, बाबा आठवड्याची सुट्टीही गाडी चालवण्यात घालवतात, आणि मुलाशी बोलायला दोघांनाही वेळ नाही, अशी घरे मी पाहते. ब्रॅगना जे घरात मिळाले, तेच या मुलांकडून आपण काढून घेतो. ऐपत असेल, मुलाला तिथे रमायचे असेल, तर सेंट पीटर्सला जरूर घाला. मग त्याला फ्लोरींबरोबर चेन आणि हीटली सांगा, ब्रॅगबरोबर हॉजकिन सांगा, डन्स्टनबरोबर निकल्स सांगा. नाही घातले, तर ऑलिफंट सांगा. शाळेने मुलाला जे दिले, ते त्याने फाटकाबाहेरच्या किती माणसांपर्यंत नेले, यावरच शाळेचे आणि मुलाचे मोल ठरावे. माझे मत विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे.