फीच्या पावतीवर न लिहिलेले

मुलाला ‘चांगल्या’ शाळेत घातले की त्याचे पुढचे सारे मार्गी लागले, ही समजूत आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतकी मुरली आहे की, बालवर्गाच्या प्रवेशासाठी कर्ज काढायलाही आईबाप मागेपुढे पाहत नाहीत. एवढी फी भरून आपण नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. गणित, शास्त्र आणि इंग्रजी, असे उत्तर मिळेल. मला ते अर्धेच खरे वाटते.

ब्रिटनकडे पाहा. तेथे जेमतेम ७ टक्के मुले खासगी शाळांत जातात. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सटन ट्रस्ट’च्या पाहणीत वरिष्ठ न्यायाधीशांपैकी ६५ टक्के आणि सरकारी खात्यांच्या सर्वोच्च सचिवांपैकी ५९ टक्के मंडळी खासगी शाळांतून आलेली आढळली. एकट्या ईटनने त्या देशाला २० पंतप्रधान दिले. बुद्धी काही मूठभर घरांतच जन्माला येत नाही. उत्तम शिक्षक आणि छोटे वर्ग हे कारण आहेच. पण त्याखेरीज तेथे आणखी काही मिळते. वरिष्ठांशी नजर भिडवून बोलण्याची सवय, चुकले तरी न ओशाळण्याची ढब, आणि अडीअडचणीला कोणाकडे शब्द टाकायचा याची माहिती. नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिका बाजूला ठेवली जाते, तेव्हा हीच पुंजी कामाला येते.

मग ही पुंजी कोणाला सर्वाधिक उपयोगी पडते? स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ मध्ये नामांकित कॉलेजांविषयी एक निष्कर्ष मांडला. सारख्याच कुवतीचे विद्यार्थी नामवंत कॉलेजात गेले काय किंवा साध्या कॉलेजात गेले काय, त्यांच्या पुढच्या कमाईत फारसा फरक पडला नाही. अपवाद होता तो गरीब घरच्या मुलांचा. त्यांना नामवंत कॉलेजचा खरोखर फायदा झाला. अभ्यास कॉलेजांचा असला, तरी मर्म शाळांनाही लागू पडावे असे मला वाटते. ज्याच्या घरी ओळखीपाळखी आधीच आहेत, त्याला मोठी संस्था नवे फारसे देत नाही. ज्याच्या घरी त्या नाहीत, त्याचे आयुष्यच ती बदलू शकते.

म्हणूनच २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांकडे मी उपकार म्हणून पाहत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे केले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द ठरवला, हे चांगलेच झाले. पण एक खाच उरतेच. कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीत, म्हणजे नेमकी पुढची वाट ठरवण्याच्या वयात, रिक्षावाल्याच्या मुलीसमोर पूर्ण फीचा आकडा उभा राहतो. आठ वर्षे जोडलेले मैत्रीचे धागे तेथे तुटू द्यायचे काय?

‘आमच्या मुलांचे काय?’ असे फी भरणारे पालक विचारतील. गौतम राव यांनी दिल्लीतील खासगी शाळांचा केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब मुलांसोबत शिकलेल्या श्रीमंत मुलांचे इंग्रजीचे गुण किंचित घटले; गणित आणि हिंदीत फरक पडला नाही. मात्र ती मुले अधिक उदार झाली आणि गरिबांशी भेदभाव कमी करू लागली. उद्या अधिकारी किंवा डॉक्टर होणाऱ्याला हे शिक्षण कोणत्या शिकवणीत मिळणार?

आपल्याकडे ‘खासगी शाळा’ या शब्दाला एक वेगळा वारसाही आहे. १८८० साली चिपळूणकर-टिळकांनी पुण्यात काढलेले न्यू इंग्लिश स्कूल खासगीच होते. १९१९ साली भाऊराव पाटलांनी स्थापलेली रयत शिक्षण संस्थाही सरकारी नव्हती. परंतु दार कोणासाठी उघडायचे, हे त्यांनी पालकाच्या खिशावरून ठरवले नाही. नववी-दहावीची फी शासनाने उचलावी आणि संस्थांनी त्यात आपला वाटा घालावा, एवढी मागणी त्या वारशाच्या नावाने करण्यात काहीच गैर नाही.