कपाटांतील करुणा

इंग्लंडांत राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं परवां आपल्या संग्रहांतील साखरेचें एक जुनें भांडें मोठ्या अभिमानानें दाखविलें. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीसाठीं तें १८२० नंतरच्या काळांत घडविलेलें. 'ईस्ट इंडियाची साखर गुलामांनीं केलेली नव्हे' असा त्यावर लेख होता. सहा कुटुंबांनीं वेस्ट इंडीजऐवजीं ही साखर वापरल्यास एक गुलाम कमी लागेल, असा हिशेबही अशा भांड्यांवर आढळतो. 'इंग्रजी करुणेचें हें स्मारक!' स्नेही म्हणाले.

करुणा होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. १७८७ सालीं जोसाया वेजवुड या कारखानदारानें काढलेल्या पदकावर एक शृंखलाबद्ध आफ्रिकी गुडघे टेकून, 'मी मनुष्य नव्हे काय, बंधु नव्हे काय?' असें विचारतो. स्त्रिया तें पदक कंकणांत व केशभूषेंत वापरूं लागल्या. पुढें अनेक घरांनीं वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली, हेंही लहान काम नव्हे.

परंतु ज्या कंपनीच्या मुलुखांतून ती 'निष्कलंक' साखर जाई, तेथें गुलामावरील मालकीहक्काला न्यायालयांचा आधार १८४३ च्या कायद्यापर्यंत मिळत होता. १८३३ च्या मुक्तीच्या कायद्यांतून तो मुलूख वगळला होता. त्याच कायद्यानें दोन कोटि पौंडांची भरपाई दिली ती मालकांस. गुलामांस छदामही मिळाला नाहीं. शिवाय गुलाम नुसते गुडघे टेकून बसले नव्हते. हैतींत १७९१ सालीं व जमेकांत १८३१ सालीं ते उठले, हें त्या पदकावरून कोणास कळणार?

मग हे संग्रह मोडावे काय? मुळींच नाहीं. साधी घरगुती वस्तु राजकीय मताचें साधन कशी होते, हें त्यांच्याइतकें स्पष्ट दुसरें कांहीं दाखवीत नाहीं. आमचा आक्षेप संग्रहावर नसून मौनावर आहे. भांड्याशेजारच्या चिठ्ठीवर दुर्मिळता व किंमत लिहितां, तेथेंच हा जमाखर्चही लिहा. आपल्या देशाच्या नांवानें विकल्या गेलेल्या त्या साखरेविषयीं हें विचारण्याचा अधिकार आम्हांस आहेच. तेवढें न लिहितां जो केवळ करुणा कपाटांत मांडतो, तो इतिहासाचा नव्हे, आत्मस्तुतीचा संग्राहक होय.