मोबदला म्हणजे कमाई नाही, जमीनच आहे



आज पिकाचं नाही, पैशाचं लिहितोय. कारण आमच्या वैजापूर-कोपरगाव पट्ट्यात गेल्या काही वर्षांत खरं नुकसान बोंडअळीनं केलं नाही तेवढं एकरकमी आलेल्या पैशानं केलंय. वाचायला विचित्र वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून गेलेला. जून 2025 मध्ये तो नागपूर ते मुंबई पूर्ण खुला झाला. त्यासाठी जमिनी थेट खरेदीनं घेतल्या, रेडी रेकनरच्या पाच पटीपर्यंत भाव दिला. ज्या घरात आयुष्यात कधी दोन लाख एकत्र पाहिले नव्हते, तिथं एका दिवसात पन्नास-साठ लाख खात्यावर पडले. आता दुसऱ्या रस्त्यांच्या मोजण्या चालू आहेत, शक्तिपीठाची चर्चा आहे. जमीन द्यावी की नाही हा वेगळा विषय, त्यावर इथं भांडू नका. ज्यांची गेली किंवा जाणारच आहे, त्यांच्यासाठी हे आहे. द्राक्ष, डाळिंब, आल्याचं एखादं वर्ष लागून मोठी रक्कम हातात आलेल्यांनाही यातलं बरंच लागू होतं.

माझं म्हणणं एका वाक्यात: मोबदल्याचा पैसा ही कमाई नाही, ती तुमची जमीनच आहे, फक्त रूप बदललंय. बियाणं म्हणून ठेवलेली ज्वारी आपण भूक लागली म्हणून दळत नाही. हाही पैसा तसाच.

आधी हिशोब

समजा पाच एकरांतली दोन एकर गेली आणि 60 लाख आले. बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 4 लाख 20 हजार. म्हणजे महिन्याला 35 हजार! माणूस म्हणतो, मरू दे ती शेती, घरी बसून पगार मिळतोय.

थांबा. महागाई वर्षाला साडेपाच टक्के धरा. त्या हिशोबानं साधारण 13 वर्षांत सगळ्याचे भाव दुप्पट होतात. म्हणजे व्याज सगळं खाल्लं तर 13 वर्षांनी तुमचे 60 लाख कागदावर 60 लाखच राहतील, पण त्यांची ताकद आजच्या 30 लाखांची असेल. पोराच्या हाती अर्धी जमीन गेली असं समजा.

60 लाखांची ताकद टिकवायची असेल तर 4 लाख 20 हजारातले 3 लाख 30 हजार परत मुद्दलात घालावे लागतात. उरले किती? 90 हजार. दोन एकर बागायत कांदा-गहू-मक्यात बऱ्या वर्षी खर्च वजा जाता काय द्यायची ते आठवून बघा. जवळपास एवढंच, किंवा थोडं जास्त. म्हणजे तुम्ही काही श्रीमंत झालेला नाहीत. होता तिथंच आहात, फक्त आता ती जमीन दुकानात जाऊन खर्च करता येते. सगळा धोका इथंच आहे. शेत कुणी एका रात्रीत खाऊ शकत नाही, पैसा खाता येतो.

पहिले सहा महिने काहीही करू नका

पैसे आल्याची बातमी बँकेच्या मेसेजच्या आधी गावात पोचते. मग गाडीवाला, प्लॉटवाला, विमावाला, शेअरचा क्लासवाला, लांबचा मेहुणा, सगळे चहाला येतात. सगळ्यांना एकच उत्तर द्या: "दिवाळीपर्यंत काही करायचं नाही ठरलंय." सहा महिन्यांनी निम्मे येणं बंद होतात.

तोवर पैसा ठेवायचा कुठं? बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका माणसाला एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंतच संरक्षण आहे. पूर्वी ते 1 लाख होतं. पीएमसी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये निर्बंध आले, लोकांचे पैसे अडकले, आणि त्यानंतर फेब्रुवारी 2020 पासून ते 5 लाख झालं. सहकारी बँकांना हा विमा आहे. पतसंस्थेला नाही. हे ठळक अक्षरात लिहितोय कारण आपल्याकडं निम्म्या लोकांना पतसंस्था आणि बँक एकच वाटते. चेअरमन ओळखीचा आहे, 11 टक्के देतो, एवढ्यावर जमिनीचा पैसा ठेवू नका. मोठ्या राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवा, आणि एक ठेव न करता चार-पाच करा. अडचण आली तर एकच मोडावी लागते.

"दामदुप्पट" कुणी म्हणालं तर ओळखायचं एक माप सांगतो. सरकारची हमी असलेलं पोस्टाचं किसान विकास पत्र 2023 पासूनच्या दरानं पैसे दुप्पट करायला 115 महिने घेतं, म्हणजे 9 वर्षं 7 महिने. दोन-तीन वर्षांत दुप्पट करून देतो म्हणणारा माणूस एकतर तुम्हाला फसवतोय किंवा स्वतः फसलाय.

बहिणींचा विषय आधी मिटवा

हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. जमीन होती तोवर बहीण माहेरचं म्हणून गप्प बसली. पैसा आला की तिच्या घरचे विचारणार, आणि त्यांनी का विचारू नये? ती जमीन तिचीही होती. साडी-चोळी करून सही घ्यायचे दिवस गेले. मोबदल्याच्या हिस्स्यावरून कोर्टात गेलेली भावंडं आपण सगळ्यांनी पाहिलीत. खर्च व्हायच्या आधी बसा, आकडा ठरवा, खात्यावर द्या, कागद करा. पुढचा सगळा हिशोब हे दिल्यानंतर उरलेल्या रकमेचा.

आणि घरातल्या बाईचं नाव ठेवीवर असू द्या. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीचं काम केलं, बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. पैशालाही तेच लागू करा. दोघांच्या सहीशिवाय मोडत नाही अशी ठेव जास्त दिवस टिकते.

कर्ज: सगळं एका दमात फेडू नका

शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला 36 टक्के. असं सावकारी देणं असेल तर पहिल्याच आठवड्यात फेडा. आपल्याकडं कुठलीही बँक ठेवीवर 36 टक्के देत नाही. त्यानंतर सोनेतारण, ट्रॅक्टरचा हप्ता, दुकानदाराची उधारी.

पण पीककर्ज घाईनं कायमचं बंद करू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर केंद्राची आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्य पडतं. फुकट मिळणारा पैसा सोडून ठेव मोडून खत आणणं हा कुठला शहाणपणा? मुदतीच्या आत भरा, नवं उचला.

उरलेल्या तीन एकरांचं पाणी

पैसा शेतीत परत घालायचा तर सगळ्यात आधी पाण्यात. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, उताराच्या बाजूंचं शेततळं साधारण 22 लाख लिटर धरतं. एका एकराला ठिबकनं रोज 5 मिलिमीटर द्यायचं म्हटलं तर दिवसाला वीस हजार लिटर लागतात. म्हणजे एक एकर जवळपास शंभर दिवस, बाष्पीभवन धरलं तर त्याहून कमी. हे गणित मांडून मगच किती एकर फळबाग झेपेल ते ठरवा. पाचवा बोअर हे पाण्याचं नियोजन नाही, ती लॉटरी आहे.

त्याबरोबर बांधबंदिस्ती, पाइपलाइन, ठिबक, शेणखत. यातलं काही गावात मिरवता येत नाही, पण दरवर्षी परत येतं.

ट्रॅक्टर आणि जमीन

ट्रॅक्टर-औजारं मिळून 10 लाख धरा. त्यावरचं बुडालेलं व्याज 70 हजार, घसारा 70 हजार, विमा-दुरुस्ती 30 हजार. डिझेल टाकायच्या आधी वर्षाला 1 लाख 70 हजार. तीन एकराची नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, सरी सगळं भाड्यानं केलं तरी तीस-चाळीस हजारात होतं. घरचा पोरगा वर्षभर दुसऱ्यांची कामं घेणार असेल, तर ट्रॅक्टर हा धंदा आहे, अवश्य घ्या. नाहीतर तो दारातला देखावा आहे.

जमिनीबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. "जमीन गेली तर जमीनच घ्यायची" ही भावना मला कळते, माझ्याही घरात तीच आहे. पण मोबदला वाटला की आसपासचे भाव लगेच फुगतात, कारण विकणाऱ्याला तुमच्या खात्यातला आकडा माहीत असतो. आमच्याकडं एकराला 25 लाख सांगतात आणि तीच जमीन खंडानं 25-30 हजाराला मिळते. म्हणजे परतावा एक-सव्वा टक्का. दोन-तीन वर्षं थांबलं तर तोच मालक खाली येतो. घ्यायचीच तर बांधाला बांध लागून असलेली, पाण्याची सोय असलेली, सातबारा-फेरफार वकिलाकडून तपासलेली घ्या. भोगवटादार वर्ग 2 असेल तर परवानगीशिवाय हात लावू नका. लांबच्या तालुक्यातली स्वस्त जमीन ही बहुतेकदा वाट नसलेली किंवा वाद असलेली निघते.

मी 60 लाख कसे लावीन

- महागडं कर्ज: 5 लाख.
- एका वर्षाचा घरखर्च आणि पीकखर्च, हात न लावता: 5 लाख. पाऊस गेला तरी सावकार नको.
- पाणी आणि माती: 10 लाख.
- घर दुरुस्ती, शिक्षण, लग्न, सगळं मिळून: 8 लाख. एकदाच, आणि यात बसवायचं.
- उरलेले 32 लाख: कुलूपबंद.

जमीन वडिलांच्या नावावर होती तर पैसा त्यांच्याच खात्यावर येतो. ते साठीच्या पुढचे असतील तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. मर्यादा 30 लाख, मुदत पाच वर्षं, दर गेली काही वर्षं 8.2 टक्के, आणि खातं उघडताना असलेला दर मुदतभर कायम. 30 लाखांवर तिमाहीला 61 हजार 500 येतात. त्यातले निम्मे तरी परत ठेवीत टाका, वर सांगितलेलं महागाईचं गणित विसरू नका. साठी झाली नसेल तर पोस्टाची मासिक योजना आहे, जोडखात्यात 15 लाखांपर्यंत. वारसाचं नाव प्रत्येक ठिकाणी लावा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, मोबदल्यावरही बहुतेकदा नसतो, पण ठेवीचं व्याज हे शेतीचं उत्पन्न नाही. त्यावर कर लागतो. नोटीस आल्यावर धावण्यापेक्षा एकदा सीएकडं जाऊन या.

कृषी क्षेत्रातल्या मित्रांना

तुमच्यातले बरेच हे पेज वाचता म्हणून विनंती. मोबदला आलेल्या शेतकऱ्याला पहिल्या भेटीत पॉलिहाऊस, ड्रॅगनफ्रूट, नवीन वाणाची रोपं सुचवू नका. आधी माती तपासा, विहिरीचं उन्हाळ्यातलं पाणी मोजा, घरात कामाला माणसं किती ते विचारा. पैसा नाही म्हणून थांबणारा शेतकरी छोटी चूक करतो आणि सावरतो. पैसा असलेला शेतकरी तुमच्या शब्दावर एकदम 20 लाखांची चूक करू शकतो. हा आणि तो, दोघांना एकच सल्ला चालत नाही.

बाकी आकडे प्रत्येकाच्या घरचे वेगळे असतील, माझे तसेच्या तसे घेऊ नका. पण वहीत एक ओळ लिहून ठेवा: गेलेली जमीन आजोबा-पणजोबांपासून घर पोसत होती. तिच्या बदल्यात आलेला पैसा आपल्या हयातीत संपला, तर जमीन रस्त्यानं नेली असं म्हणता येणार नाही. ती आपण खाल्ली असंच म्हणावं लागेल.

#शेतीचा_हिशोब #मोबदला