पानावरची लय

गेल्या वैशाखांत आमच्या एका आप्तांकडून लग्नपत्रिका आली. कागद उंची, शाई सोनेरी, चारी कडांना वेलबुट्टी; अक्षरांच्या तऱ्हा मोजल्या त्या सात भरल्या! मातोश्रींनीं चष्मा लावून ती वाचली आणि मुहूर्ताची म्हणून जी वेळ सांगितली ती भोजनाची निघाली. आम्ही सहकुटुंब पोहोंचलों, तेव्हां मंगलाष्टकें केव्हांच आटोपलीं होतीं. "आतां माझ्या वाचण्यावर विसंबूं नका," एवढेंच मातोश्री म्हणाल्या. आमच्या मतें दोष त्यांच्या दृष्टीचा नव्हता. पत्रिकेलाच लय नव्हती.

लय ही केवळ कानाचीच मिरास नव्हे. त्रितालाच्या १६ मात्रा सारख्या अंतरानें चालतात; नवव्या मात्रेवर 'खाली' येते आणि समेवर श्रोत्यांच्या माना एकदम डोलतात. इतर मात्रा आपापली पायरी सोडीत नाहींत, म्हणूनच सम कळते. छापील पानाचेंही तसेंच आहे. सारख्या अंतरानें येणाऱ्या ओळी ह्या मात्रा, मधली कोरी जागा ही 'खाली', आणि वाचकाच्या नजरेंतून जें सुटूं नये ती सम. प्रत्येक ओळच ठळक केली, तर सम कोणती हें डोळ्यांनीं ओळखावें कसें?

देवनागरीच्या ठायीं ही लय उपजतच आहे. अक्षरें एका शिरोरेषेला टांगलेलीं, आणि त्यांचे उभे दंड थोड्याथोड्या अंतरानें पुनःपुन्हां येणारे. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक झाला तो सुबक टायपामुळें, वेलबुट्टीमुळें नव्हे. आमच्या भगिनींस तर हें निराळें सांगावयास नकोच. रांगोळीचे ठिपके समान अंतरावर पडले नाहींत तर रेषा जुळत नाहींत. आणि हळदकुंकू मध्यभागीं चिमूटभरच शोभतें.

आतां पत्रिका घरच्या घरीं संगणकावर जुळवितां येते, म्हणून हा विवेक आपणच करावयास हवा. अक्षरांची तऱ्हा एक, फार तर दोन. मजकुराचे गट पाडून त्यांमध्यें सारखी मोकळी जागा. मुहूर्त तेवढा मोठा, आणि त्याच्या भोंवतीं इतरांहून दुप्पट अवकाश.

येत्या मार्गशीर्षांत आमच्या पुतणीचें लग्न आहे. तिची पत्रिका प्रथम मातोश्रींपुढें ठेवूं. त्यांनीं पहिल्याच दृष्टींत मुहूर्त सांगितला, तरच ती छापावयास जाईल.