फॉरमॅट मारण्याआधी थांबा

नवा गेमिंग कॉम्प्युटर असेंबल करून घरी येतो, चार दिवस झकास चालतो आणि मग गेम ऐन रंगात आला की स्क्रीन काळी पडायला लागते. कधी निळी स्क्रीन, कधी थेट रीस्टार्ट. अशा वेळी गावोगावच्या दुकानांत एकच औषध मिळतं : फॉरमॅट मारून टाका. माझं स्पष्ट मत आहे की हे औषध सगळ्यात शेवटी घ्यावं. नव्या मशीनवर विंडोज आत्ताच टाकलेली असते, ती आठवड्याभरात आपोआप बिघडायचं फारसं कारण नसतं. फॉरमॅटनं दोष बहुतेक वेळा जागेवरच राहतो, आणि त्याचा माग सांगणाऱ्या नोंदी तेवढ्या पुसल्या जातात.

दिघोरीच्या एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचं हेच झालं. ही नागपूर शहरातली दिघोरी नव्हे, आपल्या भंडारा जिल्ह्यातली, लाखांदूर तालुक्यातली दिघोरी मोठी. धान विकून आलेल्या पैशातून घरच्यांनी मशीन घेऊन दिलं, सुटे भाग नागपूरहून आले. गेम बंद पडायला लागला तसं कॅबिनेट गाडीवर बांधून शंभरेक किलोमीटर परत नेलं. दुकानात फॉरमॅट झालं, तासभर गेम चालवून दाखवला, काहीच झालं नाही. घरी आणलं, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा बंद. वडील म्हणाले, पोरानंच काहीतरी बिघडवलं. मला सगळ्यात वाईट वाटलं ते याचं.

दुकानात चालतं आणि घरी बंद पडतं, ही तक्रार नाही, हा पुरावा आहे. घरी वेगळं काय आहे, हे आधी पाहायला हवं.

या घरात वेगळी होती ती लाईन. धानाच्या मोसमात शेतातले मोटारपंप चालू झाले की व्होल्टेज खाली येतं, लाईन क्षणभर जाते आणि येते. पंखा फिरतच राहतो, टीव्हीही चालू राहतो, कारण घरात इन्व्हर्टर आहे. कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. याचं कारण एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात आहे. लाईन तुटल्यावर पूर्ण लोडवर चांगला एसएमपीएस साधारण 16-17 मिलिसेकंद तग धरतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे एक आवर्तन भरायच्या आत इन्व्हर्टरनं भार उचलला पाहिजे. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर यासाठी एक छोटा खटका असतो, एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. नॉर्मलवर असेल तर बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसला पेलत नाही. या घरातला खटका धुळीनं भरलेला होता आणि नॉर्मलवर होता. कुणी तिकडे कधी बघितलंच नव्हतं. जुना स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर आणखी एक अडचण : गेमिंगसाठी घेतलेल्या नव्या धाटणीच्या एसएमपीएसना तशी वीज नीट मानवत नाही. तिथे शुद्ध साइन वेव्हचा यूपीएसच लागतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे असं समजा. गेम बंद पडण्याचं ते कारण क्वचितच असतं, पण जीव त्याहून मोठा आहे. वायरमनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायची आपल्याकडची जुनी सवय योग्यच आहे, कोरड्या मातीतून वीज नीट उतरत नाही.

खटका यूपीएसवर केला आणि लाईनबरोबर होणारे रीस्टार्ट थांबले. निळी स्क्रीन मात्र येतच राहिली. एकाच मशीनमध्ये एकाच वेळी दोन वेगळे दोष होते, म्हणूनच कुणाला काही उमगत नव्हतं. यासाठीच माझा आग्रह असतो की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा : तारीख, वेळ, कोणता गेम, लाईन होती का, स्क्रीनवर काय दिसलं. रॅमही काढली, ड्रायव्हरही बदलला, विंडोजही नवी टाकली, तर कशानं बरं झालं हे कधीच कळत नाही.

विंडोजमधल्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये जाऊन बघा. तिथे ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद हमखास सापडते आणि ती पाहून लोक घाईनं एसएमपीएस बदलतात. तिचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटर नीट बंद न होता बंद पडला. कारण ती सांगत नाही. ‘व्हीया-लॉगर’ची नोंद असेल तर मात्र कान टवकारा, कारण तिथे हार्डवेअरनंच आपली चूक नोंदवलेली असते.

या मुलाच्या मशीनमध्ये दुसरा दोष रॅमचा निघाला. खोक्यावर 6000 लिहिलेलं असतं, पण अशा डीडीआर-5 रॅमचा मूळ वेग बहुधा 4800. त्यापुढचा वेग बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ चालू केल्यावर मिळतो, आणि ते ओव्हरक्लॉकिंगच असतं. प्रोसेसर आणि मदरबोर्डला तो वेग झेपेलच असं नाही. म्हणून पहिल्यांदा एक्सएमपी बंद करून पाहावं. आम्ही केलं, स्क्रीन तरीही निळी. मग पेनड्राइव्हवर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम टाकून मशीन रात्रभर चालू ठेवलं. सकाळी लाल ओळी. एकेक पट्टी वेगळी लावून तपासली, तर एक निर्दोष, दुसरीत चुका. इथे शंभरात नव्व्याण्णव गुण चालत नाहीत. एकही चूक निघाली तर ती पट्टी वॉरंटीत बदलून घ्यायची. तशी ती बदलली गेली, आणि वडिलांचा पोरावरचा रागही गेला.

दोष कुठे दडून बसू शकतो याचं मोठं उदाहरण इंटेलचं आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडत होते आणि स्क्रीनवर संदेश यायचा ग्राफिक्स मेमरी संपल्याचा. लोकांनी ग्राफिक्स कार्डावर खापर फोडलं. जुलै 2024 मध्ये कंपनीनं मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या दोषामुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टपासून बायोस अपडेटमधून दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण ज्या चिपची हानी आधीच झाली होती, ती अपडेटनं भरून येत नाही. या पिढ्यांचा 65 वॅट किंवा त्याहून अधिकचा प्रोसेसर तुमच्याकडे असेल, तर आजच बायोस अपडेट करा, फक्त यूपीएसची खात्री करून, कारण अपडेट चालू असताना लाईन गेली तर मदरबोर्डच निकामी व्हायचा धोका असतो.

उन्हाळ्याबद्दल थोडंसं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, पण प्रोसेसर तापला तर आधी मंदावतो, एकदम बंद पडत नाही. कुलरखालचं प्लास्टिक काढायचं राहून गेलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि घाईत केलेल्या जोडणीत ते राहतं.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2011 मध्ये सुमारे दहा लाख घरगुती कॉम्प्युटरांच्या बिघाडांचा अभ्यास मांडला होता. हार्डवेअरमुळे एकदा बंद पडलेलं मशीन पुन्हा बंद पडण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, असं त्यात दिसलं. तेव्हा ‘होतं कधी कधी, चालवून पाहा’ असं दुकानदारानं सांगितलं तर ऐकू नका. वॉरंटीची मुदत त्यातच निघून जाते.

दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे : मशीन ग्राहकाच्या हाती देण्याआधी एक रात्र मेमटेस्ट चालवा आणि निकालाचा फोटो बिलासोबत द्या. दिघोरी, साकोली, पवनीहून येणाऱ्या माणसाची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी असते. आणि घेणाऱ्यांनी प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहून घ्यावा. बिल आणि खोकी वॉरंटी संपेपर्यंत टाकू नका.